परावटु ग्रंथींची अतिक्रियता

मानेत थायरॉइडच्या मागे मसुरीच्या दाण्याएवढ्या, सहसा चार, परावटु म्हणजेच पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. थायरॉइडशी त्यांचे नाते फक्त शेजाराचे. काम अगदी वेगळे. रक्तातले कॅल्शियम उतरू लागले की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढते आणि लघवीवाटे जाणारे अडवते. कॅल्शियम वाढलेले असतानाही संप्रेरक स्रवतच राहिले, तर ती प्राथमिक अतिक्रियता. बहुतेक रुग्णांत एकाच ग्रंथीची साधी गाठ याला कारण असते. कर्करोग फार क्वचित. मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे होते ती दुय्यम अतिक्रियता.

थकवा, बद्धकोष्ठता, उदासपणा, हाडदुखी, थोड्याशा धक्क्याने हाड मोडणे आणि मुतखडे ही लक्षणे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे मुतखडा झाला की ‘उन्हाचा आहे, पाणी कमी पडलं’ म्हणून विषय मिटतो. पाणी कमी पडल्याने खडे होतात, हे खरेच. पण खडे पुन्हापुन्हा होत असतील, सोबत हाडेही दुखत असतील, तर रक्तातले कॅल्शियम तपासलेच पाहिजे. ‘मेडिकल’, ‘मेयो’ या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत किंवा साध्या खासगी लॅबमध्येही होणारी ही चाचणी राहून जाते आणि हाडे वर्षानुवर्षे झिजत राहतात, याची हळहळ वाटते.

कॅल्शियमची नेहमीची पातळी १०० मिलिलिटर रक्तात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. ती वाढलेली असताना पीटीएच खाली जायला हवे. म्हणून अशा वेळी रिपोर्टवर पीटीएच ‘नॉर्मल’ छापून आले तरी ते नॉर्मल मानायचे नसते. फसगत होते ती बहुधा इथेच. ड जीवनसत्त्व कमी असेल तर कॅल्शियमचा आकडाही दबलेला दिसू शकतो, त्यामुळे तिन्ही तपासण्या एकत्र वाचाव्यात. चोवीस तासांच्या लघवीतील कॅल्शियमवरून याच्यासारखा दिसणारा एक आनुवंशिक प्रकार वेगळा काढता येतो. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (शिरेतून किरणोत्सर्गी द्रव्य देऊन काढलेले चित्र) गाठ कुठे आहे ते शोधण्यासाठी. स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणून निदान खोटे ठरत नाही.

प्राथमिक प्रकारावर कायमचा इलाज शस्त्रक्रिया. १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी हाडे खिळखिळी झालेल्या एका ट्राम कामगाराची अशी गाठ प्रथम काढली. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर सिनाकॅल्सेट ही गोळी कॅल्शियम आटोक्यात ठेवते. दूध-दही मनाने बंद करू नये. त्याने पीटीएच आणखी वाढू शकते. गाठ काढल्यावर भुकेली हाडे कॅल्शियम झपाट्याने ओढून घेतात. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.