‘स्टार वॉर्स’मधले बदल : सुरुवात 1997 ची नव्हे

जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ 1977 पासून वीस वर्षे जसाच्या तसा राहिला आणि 1997 च्या विशेष आवृत्तीतच त्याला पहिल्यांदा हात लावला गेला, हा समज इतका रुजला आहे की जाणकारही तो बिनदिक्कत सांगतात. वस्तुस्थिती वेगळी आहे.

सुरुवातीला तारकांच्या पार्श्वभूमीवर वर सरकत दूर जाणारा पिवळा मजकूर आठवा. त्याच्या माथ्यावर आज दिसणारे ‘एपिसोड फोर’ आणि ‘अ न्यू होप’ हे शब्द 1977 च्या प्रेक्षकांनी पाहिलेच नव्हते. तेव्हा चित्रपटाचे नाव मागे सरकले की थेट यादवी युद्धाचे निवेदन सुरू होत असे. 1980 मध्ये पुढचा चित्रपट ‘एपिसोड फाइव्ह’ म्हणून आल्यावर, एप्रिल 1981 च्या पुनःप्रदर्शनात पहिल्याला हा क्रमांक आणि उपशीर्षक मिळाले.

ध्वनीबाबत तर ‘मूळ प्रत’ एकच होती असेही म्हणता येत नाही. 1977 मध्येच चित्रपटगृहांत गेलेल्या मोनो (एकाच ध्वनिवाहिनीच्या) आणि स्टिरिओ (अनेक वाहिन्यांच्या) ध्वनिमिश्रणांत फरक होते : ट्रॅक्टर बीम (यानाला खेचून धरणारा किरण) कुठे जोडला आहे हे सी-थ्रीपीओ हा यंत्रमानव समजावून सांगतो, ते वाक्य फक्त मोनोमध्ये होते.

मूळ चित्रपटात नायकांपैकी एक असलेला हान सोलो ग्रीडो या इनामी शिकाऱ्याला गोळी घालतो; 1997 मध्ये ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावल्याने गदारोळ झाला, आणि तो रास्तच होता, कारण त्या बदलाने हान सोलोचा स्वभावच बदलतो. मात्र फेरफारांचा सिलसिला तिथे सुरू झाला नाही, थांबला तर नाहीच. 2004, 2011 आणि 2019 मध्येही तो चालूच राहिला.