पायलटची चूक म्हणण्याआधी

आबांच्या ट्रॅक्टरवर सीटच्या उजव्या हाताला हायड्रॉलिकच्या दोन लिव्हर आहेत. उंचीला सारख्या, दोन्हींच्या टोकाला सारखीच काळी बोंडं. त्यातल्या एकीला आबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली आहे. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या रानात रात्रीची नांगरट चालू असताना, बांधाजवळ वळायच्या वेळी त्यांचा हात एकदा भलत्याच लिव्हरवर पडला. नांगर वर उचललाच गेला नाही आणि फाळ दगडावर मोडला. दुसऱ्या दिवशी ही पट्टी आली. "डोळं पुढं असत्यात. हाताला कळाय पाहिजे," एवढंच ते म्हणाले.

हीच गोष्ट कळायला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाला बरीच विमानं मोडावी लागली.

बी-१७ हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. उतरताना वेग कमी असतानाही विमान तोललेलं राहावं म्हणून पंखाच्या मागच्या कडेचे झडपेसारखे भाग खाली सोडतात. हे फ्लॅप. विमान धावपट्टीवर सुखरूप टेकलं की ते परत आत घ्यायचे. पण काही पायलट फ्लॅपऐवजी चाकंच आत घेत आणि धडधाकट विमान पोटावर बसे. चौकशीत कारण लिहिलं जाई: पायलटची चूक. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला यावर काम दिलं गेलं. त्याच्या लक्षात आलं, की सी-४७ या मालवाहू विमानाचे वैमानिक ही चूक करत नाहीत. दोष माणसांचाच असता, तर तो सगळ्या विमानांत दिसायला हवा होता. त्याने कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं. बी-१७ मध्ये चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी होते, आणि दिसायला अगदी एकसारखे. सी-४७ मध्ये ते वेगळे होते. त्याने सुचवलेला उपाय साधा होता: चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावा, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. न बघताही बोटांना कळेल. आजही विमानाच्या चाकांच्या लिव्हरचं बोंड चाकाच्याच आकाराचं असतं.

मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात दर वर्षी दोन-चार मुलं अशी असतात, ज्यांचे वडील, काका, मामा कुठेतरी सीमेवर असतात. आपल्या जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. गावाच्या नावातच मिलिटरी आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली, तीही साताऱ्यातच. म्हणून 'पायलटची चूक' हे शब्द मला नुसते तांत्रिक वाटत नाहीत. ते कुणाच्या तरी घरात जाऊन पडतात, आणि ज्याच्यावर ठपका येतो तो बहुधा उत्तर द्यायला उरलेला नसतो.

युद्धात विमानं शत्रूच पाडतो अशी आपली समजूत असते. आकडे वेगळंच सांगतात. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, ५५,५७३ लोक दुसऱ्या महायुद्धात गेले. त्यांतले सुमारे ८ हजार प्रशिक्षणात आणि अपघातांत. अमेरिकेत तर खुद्द मायदेशी, जिथे एकही हवाई लढाई झाली नाही, सुमारे १५ हजार माणसं लष्करी विमानांच्या अपघातांत मेली. विशी-बाविशीची पोरं काही महिन्यांत तयार करून नव्याकोऱ्या, ताकदवान विमानांत बसवली जात होती. त्यात विमानाविमानाची मांडणी वेगळी. बी-२५ या बॉम्बफेकी विमानात ओळीने थ्रॉटल (इंजिनाचा जोर), प्रॉपेलर (पंखा), मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) अशा लिव्हर. सी-४७ मध्ये प्रॉपेलर, थ्रॉटल, मिक्श्चर. एका विमानावर पक्का बसलेला हात दुसऱ्यात घातक ठरे. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी वैमानिकांना त्यांच्या चुका सांगायला लावल्या. जमलेल्या ४६० प्रसंगांत जवळपास निम्मे असे होते, की एका खटक्याऐवजी दुसराच ओढला गेला. त्या दोघांनी विचारलं ते वाचलेल्यांना. ते बोलू शकत होते, म्हणून हे कळलं.

पण कधी कधी सगळे खटके जागेवर असतात आणि दगा देतो तो आपला कान. हे मी वर्गात करून दाखवतो. गोल फिरणाऱ्या खुर्चीत एका मुलीला डोळे बांधून बसवायचं. खुर्ची उजवीकडे एकसारख्या वेगाने हळू फिरवायची आणि ज्या बाजूला फिरतोय असं वाटतं तिकडे अंगठा दाखवायला सांगायचं. पहिले काही सेकंद अंगठा बरोबर उजवीकडे असतो. मग तो हळूहळू सरळ उभा राहतो. खुर्ची फिरतेच आहे, पण तिला वाटतं आपण थांबलो. वर्गात खसखस पिकते. मग खुर्ची थांबवली, की अंगठा झटकन डावीकडे वळतो आणि ती खुर्चीचे हात घट्ट धरते. मुलं एकदम गप्प होतात.

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यात द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि आतला एक लवचीक पडदा वाकतो; मेंदूला वळण कळतं ते त्यातून. पण वळण एकाच वेगाने चालू राहिलं, तर दहा-वीस सेकंदांत द्रव नळीच्या वेगाने फिरू लागतो, पडदा सरळ होतो आणि मेंदू समजतो, वळण संपलं. ढगात क्षितिज दिसत नाही. एका अंगावर कललेलं विमान वळत राहतं आणि पायलटला आपण सरळ चाललोय असं वाटतं. त्याने विमान खरोखर सरळ केलं, तर कान ओरडून सांगतो की उलटीकडे वळलोस! म्हणून तो परत आधीच्या वळणात शिरतो. उंची घटते, तो दांडी मागे ओढतो, आणि कललेल्या विमानात त्याने वळण आणखीच आवळतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात, नुसत्या उपकरणांवर उडण्याची सवय नसलेल्या २० वैमानिकांची अशी परीक्षा घेतली. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. जुलैत यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना धुकं गाडीच्या बॉनेटवर येऊन बसतं, तेव्हा मला हे तीन मिनिटांचं गणित हटकून आठवतं. आपल्याला निदान चाकाखाली डांबर असतं.

१९४२ ते १९४५ या काळात आसामातून हिमालयाची पूर्वेकडची टोकं ओलांडून चीनला सामान पोचवणारी विमानं याच ढगांत शिरत होती. वैमानिक त्या वाटेला 'हंप', म्हणजे उंटाची मदार, म्हणत. तिथे सुमारे ६०० विमानं गेली, आणि त्यांतली बहुतेक शत्रूने नव्हे, तर हवेने आणि डोंगरांनी घेतली. पंखावर बर्फ धरला की त्याचं वजन हा दुय्यम भाग. पंखाचा आकारच बिघडतो आणि उचल कमी होते. कारगिलच्या वेळी, २७ मे १९९९ ला, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांच्या मिग-२७ चं इंजिन रॉकेटं डागल्यानंतर बंद पडलं. रॉकेटचा गरम वायू इंजिनाच्या तोंडात गेला की आतला हवेचा प्रवाह विस्कटतो, आणि विरळ हवेत सावरायला वाव फार थोडा असतो. ते पॅराशूटने उतरले, कैद झाले आणि आठवड्याभराने परतले. परतले म्हणून सांगू शकले.

जे परतत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न गणिताने सोडवायचा प्रयत्न एका माणसाने केला. संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वॉल्ड. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे जास्त आहेत, याची नोंद ठेवली जात होती. साहजिक वाटतं, की जिथे भोकं जास्त तिथे चिलखत लावावं. वॉल्डने परत न आलेली विमानंही हिशेबात धरली. इंजिनावर भोकं कमी दिसतात, कारण इंजिनावर गोळी बसलेली विमानं परतलीच नाहीत. ही गोष्ट आता फार गुळगुळीत करून सांगितली जाते. मूळ काम किचकट समीकरणांचं आहे, पण त्याचा गाभा हाच: जे समोर नाहीत त्यांचीही साक्ष काढायची.

वॉल्ड १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आला, बरोबर पत्नी होती. १३ डिसेंबरला त्यांचं विमान निलगिरीच्या डोंगरावर आदळलं आणि दोघेही गेले. ते डीसी-३ होतं, म्हणजे चपॅनिसला ज्याचे खटके वेगळे दिसले त्या सी-४७ चं नागरी भावंड. कॉकपिटमधलं बोलणं टिपून ठेवणारं यंत्र ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉरनने बनवलं ते त्यानंतर काही वर्षांनी. निलगिरीच्या त्या विमानात शेवटी कोण काय बोललं, हे कुणाच्याच कानावर आलेलं नाही.