पिकअपचं इंजिन नेमकं कुठे झिजतं?

पणजीसमोरच्या मालीमच्या जेटीवर पहाटे मासळीचे क्रेट भरायला जुन्या-नव्या पिकअप शेजारी शेजारी लागतात. "जुनं इंजिनच टिकतं, नव्यात सगळं सेन्सरचं" असं गॅरेजात हमखास ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा १६ ते २० पट दाबली की ती इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हा दाब सोसायला ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं जाडजूड लागतं, आणि यात जुनं-नवं दोन्ही दणकट. खरा फरक डिझेल फवारण्यात आहे. जुन्या यांत्रिक पंपाचा नोझल साधारण २०० बार दाबाला उघडायचा. नव्या गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, दाब १,६०० बारच्याही वर जातो. तिथल्या भागांमधली फट असते दोन-तीन मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड! या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात पाणी शिरलं की वंगण तुटतं, गंज चढतो. गोव्याच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आत थेंब जमतात. म्हणून पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी सोडायचा कंटाळा करू नये.

बीएस-६ (सध्याचा प्रदूषण नियम) गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टरही असतो. अडकलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान लागतं. मांडवी ओलांडून पणजीच्या बाजारापर्यंतच्या छोट्या फेरीत ते गाठतच नाही. मग ते तापमान गाठायला इंजिन जादा डिझेल सोडतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसली तर ऑइल पातळ झालंय, लगेच बदला. तीच गाडी भरलेली चोर्ला घाटातून बेळगावला जात असेल, तर फिल्टर वाटेतच साफ होतो. त्यामुळे नव्या इंजिनाची किलोमीटरवरून तुलना मला चुकीची वाटते; ते किलोमीटर कसे झाले, हे आधी विचारावं.

डिचोली-सांखळीच्या खाणपट्ट्यात मात्र पिढीचा प्रश्नच उरत नाही. एअर फिल्टरच्या पाइपची क्लिप सैल असली की लाल धूळ थेट लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासते. मग स्टार्टिंग जड होतं, ऑइल भरायच्या तोंडातून धूर येतो. सेकंडहँड पिकअप घेताना मी इंजिन सुरू ठेवून आधी ते झाकण उघडायला लावतो.