पोटगीच्या आदेशात फेरबदल (कोल्हापूर)

घटस्फोटाच्या वेळी ठरलेली दरमहाची पोटगी पुढे परिस्थिती पालटल्यावर वाढवून, कमी करून किंवा रद्द करून घेण्याची न्यायालयीन प्रक्रिया. हिंदू विवाह कायदा, 1955 मधील कलम 25 कायम पोटगीचे असून त्याचेच दुसरे पोटकलम न्यायालयाला फेरबदलाचा अधिकार देते. विशेष विवाह कायद्यात (1954) हीच सोय कलम 37 मध्ये आहे. फौजदारी बाजूने मिळालेल्या पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 127 लागू होते. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 ने घेतली.

विवाहविषयक कायद्यांची कोल्हापूरला जुनी ओळख आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली. संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. आज पोटगीतील फेरबदलाचे दावे कोल्हापुरात कौटुंबिक न्यायालयापुढे चालतात. कौटुंबिक न्यायालयाची हद्द नसेल तेथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे किंवा पोटगी फौजदारी बाजूची असल्यास प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते.

फेरबदलाचा अर्ज म्हणजे मूळ दाव्याची फेरसुनावणी नव्हे, आणि बहुतेक अर्ज नेमके इथेच अडखळतात. लग्न कोणामुळे मोडले, पहिला आकडा अन्यायाचा होता का, हे प्रश्न अपिलाचे. फेरबदलासाठी आदेशानंतर घडलेला बदल दाखवावा लागतो : नोकरी गेली, पगार वाढला, दुखणे जडले, मूल शाळेतून कॉलेजात गेले, पत्नी कमावू लागली. समजा, शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला दरमहा 8,000 रुपये द्यायचे होते आणि त्याचे काम सुटले. त्याने पैसे थांबवून घरी बसणे हा उपाय नाही. अर्जावर निकाल होईपर्यंत जुना आदेश जसाच्या तसा चालू राहतो, थकबाकी साचत जाते आणि सामनेवाली, म्हणजे पोटगी घेणारी पत्नी, वसुलीची दरखास्त लावू शकते. फौजदारी बाजूच्या पोटगीत वॉरंट निघते आणि थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. त्यामुळे काम सुटले की अर्ज लवकर टाकावा, असेच वकील सांगतात.

बदल सिद्ध करायचा तो कागदांवर. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्यात वेगळा नमुना आहे. जमीन किती, बागायत की जिरायत, पिके कोणती, गाई-म्हशी किती आणि त्यांचे उत्पन्न काय, जमिनीवर कर्ज आहे का, हे सगळे त्यात भरावे लागते. करवीर, कागल किंवा पन्हाळ्याच्या शेतकऱ्याला हा नमुना पगारपत्रकापेक्षा नक्कीच जवळचा. तरी एक पेच उरतोच. पोटगी महिन्याची आणि उसाचे पैसे हंगामाचे. शिवाय कारखान्याच्या बिलातून सेवा सोसायटीचे पीककर्ज आधीच वळते होते, म्हणून पासबुकात दिसते ती रक्कम खऱ्या उत्पन्नापेक्षा बरीच कमी असते. दुधाच्या बिलातूनही पशुखाद्याचे पैसे कापले जातात. अशा वेळी नुसते पासबुक पुरत नाही. कारखान्याची बिले, दूध संस्थेचा खातेउतारा आणि सातबारा एकत्र ठेवले तरच चित्र उभे राहते. त्यातही सक्तीची कपात आणि हौसेने काढलेले कर्ज यांत न्यायालये फरक करतात. मोटारसायकलचा हप्ता दाखवून पोटगी घटवायला निघालेल्याच्या हाती सहसा काही लागत नाही.

किती वाढवायची किंवा घटवायची, याचे ठोकळ गणित कायद्यात नाही. पतीच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम योग्य ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये कल्याण डे चौधरी प्रकरणात म्हटले. उच्च न्यायालयाने तेथे 16,000 ची पोटगी 23,000 केली होती. पतीचे दुसरे लग्न आणि नवे मूल लक्षात घेऊन ती 20,000 वर आणली गेली. ही टक्केवारी नियम म्हणून डोक्यात धरणारे पक्षकार पुष्कळ, पण ती त्या प्रकरणापुरती दिशा होती.

पोटगी घेणाऱ्या व्यक्तीने पुन्हा लग्न केले तर? कलम 25 मध्ये या कारणासाठी आदेश बदलणे किंवा रद्द करणे न्यायालयाच्या मर्जीवर आहे. 1976 च्या दुरुस्तीने ती मोकळीक दिली. फौजदारी बाजूला मात्र घटस्फोटितेच्या पुनर्विवाहाच्या तारखेपासून आदेश रद्द करावाच लागतो. एका न्यायालयात ठरलेली रक्कम दुसऱ्या न्यायालयापासून लपवूनही चालत नाही. दुसऱ्या कायद्याखाली आधी मिळालेली पोटगी उघड करावी लागते, आणि तिची वजावट किंवा मेळ न्यायालय घालते.

महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. कौटुंबिक न्यायालयाचा निकाल मान्य नसल्यास उच्च न्यायालयात जाता येते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याशी जोडले गेले. काही हजारांच्या पोटगीसाठी रात्रीची गाडी पकडणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही सोय लहान नाही.

रोजची कटकट नको म्हणून परस्पर संमतीच्या घटस्फोटात अनेकजण एकरकमी पोटगीवर तडजोड करतात. ती रक्कम चुकती झाली की सहसा फेरबदलाला वाव राहत नाही. मुलांच्या खर्चाचे तसे नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली त्यांचा ताबा, शिक्षण आणि पालनपोषण यांबाबतचे आदेश न्यायालय वेळोवेळी बदलू शकते, आणि आईवडिलांच्या आपसातल्या तडजोडीने मुलांचा हक्क बुडत नाही.