कोंबडी कोणी नेली?

गोव्यात कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, कडेला किंवा डोंगराच्या पायथ्याशी घर असेल आणि परसात चार गावठी कोंबड्या असतील, तर त्यातली एखादी अधूनमधून नाहीशी होणारच. सत्तरीत, सांग्यात, काणकोणात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. आरोपी ठरवायलाही कोणाला वेळ लागत नाही. दिवसा गेली तर मुंगूस, रात्री गेली तर कांडेचोर, म्हणजे झाडांवर वावरणारे उदमांजर. मग कोणी फासकी लावतो, कोणी मासळीच्या तुकड्यात विष कालवून ठेवतो. त्यात अनेकदा वाटेने जाणाऱ्या भलत्याच प्राण्याचा जीव जातो आणि कोंबड्या जायच्या त्या जातच राहतात.

हा तपास नीट करता येतो. त्यासाठी सकाळचा अर्धा तास हवा आणि मेलेली कोंबडी लगेच उचलून न टाकण्याचा संयम हवा. जंगलातले अभ्यासक शिकार झालेले जनावर पाहून शिकारी ओळखतात, तीच रीत खुराड्यापाशीही चालते. फक्त क्रम सांभाळायचा: आधी वेळ, मग वाट, मग शव आणि सगळ्यात शेवटी पाऊल. बहुतेक जण पावलापासून सुरुवात करतात आणि कोंबड्यांनीच उकरून ठेवलेल्या मातीत काहीबाही दिसले की त्यावर निकाल देऊन मोकळे होतात.

वेळेवरूनच निम्मे संशयित गळतात. मुंगूस दिवसाचा प्राणी आहे. अंधार पडला की तो बिळात. घार, शिक्रा आणि रानालगतच्या गावांत मोरघार हेही दिवसाचेच. घोरपड ऊन खाऊन अंग तापल्याशिवाय हालचाल करत नाही, त्यामुळे ती भल्या पहाटे आली असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. कांडेचोर आणि त्याचे जमिनीवर वावरणारे भावंड जवादी मांजर रात्री फिरतात. अजगरही बहुधा रात्रीच येतो. रानमांजर आणि कोल्हा तिन्हीसांजेला नि पहाटे जास्त हिंडतात. कुत्र्याला मात्र वेळकाळ नाही. म्हणून संध्याकाळी खुराडे बंद करताना कोंबड्या मोजायच्या आणि सकाळी सोडतानाही मोजायच्या. ही सवय नसेल तर ‘रात्री नेली’ म्हणतात ती कोंबडी प्रत्यक्षात दुपारी तीनलाच गेलेली असू शकते.

वाट शोधताना खुराड्याभोवती खाली बसून, कोंबडीच्या उंचीवरून पाहावे. मुंगसाचे अंग सडपातळ आणि लवचीक असते, डोके शिरले की मागचे सगळे शिरते. फळीखाली दोन-तीन बोटांची फट दिसली तर ती त्याला पुरते. कांडेचोर वरून येतो. छपरावर आंब्याची फांदी टेकली असेल आणि एखादे कौल सरकलेले असेल तर तिथे पाहा. कुत्रा आणि कोल्हा माती उकरतात किंवा कुजकी फळी मोडतात. फळीवर ओरखडे आणि तारेच्या टोकाला अडकलेले केस राहतात. काहीच मोडलेले नाही, उकरलेले नाही आणि तरी कोंबडी नाही, असे असेल तर सापाचा विचार करायचा.

आता शव. इथे सगळ्यात जास्त वाचण्यासारखे असते आणि नेमके हेच आपण आधी केळीच्या बुंध्याशी पुरून टाकतो.

आधी पिसे पाहा. शिकारी पक्षी भक्ष्याची पिसे चोचीने उपटतो. म्हणून पिसाचा दांडा बुडापर्यंत अखंड राहतो, त्यावर फार तर चोचीची चिमट दिसते. सस्तन प्राणी पिसे दातांनी कापतो किंवा तोंडाने ओरबाडतो. त्यामुळे दांडे मध्येच तुटलेले असतात आणि पिसांचे पुंजके लाळेने एकमेकांना चिकटलेले सापडतात. मूठभर पिसे हातात घेऊन उजेडात धरली की हा फरक कोणालाही दिसतो. आणखी एक बारकावा आहे. पिसाचे बूड स्वच्छ असेल तर पक्षी मेल्यावर लगेच, अंग गरम असतानाच उपटला गेला. बुडाला मांसाचा कण चिकटून आला असेल तर उपटताना अंग गार झालेले होते. म्हणजे मारणारा एक आणि खाणारा दुसरा असण्याची शक्यता उभी राहते.

ही शक्यता कधीही नजरेआड करू नये. मेलेली कोंबडी कावळा खातो, घार खाते, घुशी कुरतडतात. सकाळी त्यांच्यापैकी कोणी शवावर दिसला तर तोच खुनी ठरतो. याची तपासणी कातडीखाली होते. प्राणी जिवंत असताना दात रुतले तर रक्त आजूबाजूच्या मांसात पसरते आणि तिथे काळपट जांभळे डाग दिसतात. मेल्यानंतर लचका तोडला तर असे डाग पडत नाहीत. हातमोजे घालून, मानेजवळची आणि पाठीवरची कातडी सोलून पाहिली की दोन मिनिटांत उत्तर मिळते. कुठेच डाग नसतील तर कोंबडी आधी मेली होती. मग प्रश्न शिकाऱ्याचा राहत नाही, रोगाचा होतो. रानीखेत म्हणजेच मानमोडी आली की कोंबड्या माना वाकड्या करतात आणि एकामागून एक मरतात. अशा वेळी कातडी सोलत बसू नये, शवाला हात न लावता थेट पशुवैद्याला बोलवावे.

सत्तरीतल्या एका घरी मी हे जवळून पाहिले. सकाळी खुराड्यात कोंबड्या मरून पडल्या होत्या आणि एकीचेही मांस खाल्लेले नव्हते. घरच्या माणसांचे म्हणणे ठाम होते: रक्त पिऊन गेला, मुंगूसच. एका कोंबडीची पिसे ओल्या बोटांनी बाजूला केली तर मान पूर्ण शाबूत. मुंगूस मानेवर किंवा डोक्यावर चावून मारतो. इथे जखमा होत्या पाठीवर आणि मांडीवर, एकमेकांपासून दूर रुतलेल्या सुळ्यांच्या, आणि कातडीखाली तळहाताएवढा जांभळा डाग पसरलेला. मुंगसाच्या इवल्याशा जबड्याने असा डाग पडणार नाही. दाराची खालची फळी बाहेरून ओरबाडलेली होती आणि तिच्या खिळ्याला पिवळसर आखूड केस अडकलेले. काम कुत्र्याचे होते. कुत्रा बहुधा पळणाऱ्या कोंबडीला मागून धरतो, झटकतो, ती हलायची थांबली की सोडतो आणि दुसरीकडे वळतो. पोट घरी भरत असल्यामुळे तो पुष्कळदा खातही नाही. आणि रक्त पिऊन जाण्याबद्दल सांगायचे तर आपल्याकडच्या यांपैकी एकही प्राणी रक्त पिण्यासाठी कोंबडी मारत नाही. रक्त कातडीखाली साकळलेले असते, म्हणून बाहेरून ते गेल्यासारखे वाटते.

भूक एकीची असताना पाच-सहा का मारल्या जातात, हा प्रश्न लोकांना सगळ्यात जास्त छळतो. यामागे दुष्टपणा नाही. हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने १९७२ साली या वागण्यावर सविस्तर लिहिले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जमिनीवर घरटी करणारे कुरव पक्षी अगदी काळोख्या रात्री जागचे हलत नाहीत, आणि कोल्ह्यासारखा दिसणारा तिथला खोकड त्यांच्यामध्ये फिरून एकामागून एक मारत जातो, बहुतेकांना न खाता. क्रूक यांचा युक्तिवाद असा की शोधणे, पाठलाग करणे, मारणे आणि खाणे या शिकाऱ्याच्या वेगवेगळ्या क्रिया आहेत. पोट भरले की शोध थांबतो. पण भक्ष्य अगदी समोर असेल आणि पळत नसेल, तर मारण्याची क्रिया पोट भरल्याने थांबत नाही. रानात ही वेळ क्वचित येते, कारण पहिली किंकाळी ऐकताच बाकीचे पसार होतात. खुराड्यात ती रोज रात्री तयारच असते. कोंबडीच्या डोळ्यात मंद उजेडात पाहण्यासाठीच्या पेशी कमी असतात, अंधारात तिला जवळजवळ दिसत नाही, ती दांडीवर बसून राहते आणि पळायला वाटही नसते. जवादी मांजर किंवा मुंगूस अशा जागी शिरला तर बऱ्याच कोंबड्या जाऊ शकतात. तेव्हा शवांच्या संख्येवरून एकट्या कुत्र्याकडेही बोट दाखवता येत नाही, जखम पाहावीच लागते.

एखादी कोंबडी पूर्ण नाहीशी झाली आणि पिसांचा माग बांधाकडे किंवा काजूच्या झाडांत गेला, तर कोल्हा किंवा रानमांजर. दोघेही शिकार उचलून नेतात. डोके तेवढे गायब आणि धड जाळीला टेकलेले असेल, तर कोणीतरी बाहेरूनच जाळीतून ओढले आहे. आत वाट शोधत बसण्यात अर्थ नाही, जाळीची भोके मोठी आहेत. पिल्ले एकेक करून दिवसा जात असतील तर शिक्रा, घार, कावळा, भारद्वाज आणि घरचे मांजर अशी यादी करावी. रात्री जात असतील तर घुशीची बिळे शोधावीत. बिळाच्या तोंडाशी पिल्लाचा पाय सापडतो. सर्पगरुडाला मात्र या यादीत उगाच ओढतात. पोफळीवर बसून शीळ घालणारा हा मोठा पक्षी मुख्यतः साप खाऊन जगतो.

अंड्यांचे गणित सोपे आहे. टरफल मागे राहिले तर साप नाही आणि बहुधा घोरपडही नाही, कारण हे दोघे अंडे अख्खे गिळतात. कावळा एका बाजूने भोक पाडतो. मुंगूस आणि उंदीर टरफलाचे तुकडे मागे ठेवतात. टरफल घरट्यातच ओले पडलेले असेल तर आधी कोंबड्यांच्या चोची पाहा. कॅल्शियम कमी पडले की त्या स्वतःचीच अंडी फोडून खातात.

सापाची आणखी एक खूण आहे. पिल्लू किंवा तलंग (तरुण कोंबडी) मेलेली, जखम दिसत नाही, पण डोके आणि मान ओली, चिकट, पिसे मागे चापून बसलेली. सापाने गिळायला सुरुवात केली, आकार झेपला नाही आणि सोडून दिले.

एवढे करूनही शंका राहिली तर पाऊल. चुलीची राख चाळून वाटेवर पातळ पसरायची, संध्याकाळी, कोंबड्या आत गेल्यावर. मांजरकुळाच्या पावलात चार बोटे दिसतात, नखे उमटत नाहीत. कुत्रा आणि कोल्हा यांची बोटे चारच, पण पुढे नखांचे ठिपके. कोल्ह्याचे पाऊल कुत्र्यापेक्षा अरुंद आणि लांबट असते. मुंगूस आणि कांडेचोर पाच बोटांचे, जरी पाचवे दर वेळी उमटेलच असे नाही. मुंगसाची नखे लांब, बोटांपासून अंतर सोडून टेकलेली. घोरपडीच्या दोन्ही बाजूंच्या नखांमधून शेपटीची रेघ जाते. कांडेचोराची विष्ठाही पाहावी. कुंपणाच्या चिऱ्यांवर जांभळाच्या नाहीतर भेरली माडाच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडली, तर तो तिथे राहतो एवढे कळते आणि त्याचे मुख्य खाणे फळे आहे हेही कळते. तो कधीमधी कोंबडी नेतो हे खरे. पण बिया त्याच्या बाजूची साक्ष देतात, ती ऐकून घ्यायला हवी.

आता कॅमेरा ट्रॅपही मिळतो, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. १९२०च्या दशकात शिवालिकच्या जंगलात वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार बांधून, वाघाचाच पाय तिला लागून फोटो निघेल अशी व्यवस्था केली होती. आजच्या कॅमेऱ्यातला संवेदक समोरच्या उष्णतेतला हलता बदल टिपतो. त्यात एक मोठी त्रुटी आहे. सापाचे अंग भोवतालच्या हवेइतकेच गरम-गार असते, त्यामुळे तो समोरून सरपटत गेला तरी कॅमेरा जागा होत नाही. कॅमेऱ्यात काही आले नाही आणि अंडी गेली, तर ती नोंदही सापाच्या दिशेने बोट दाखवते. अभ्यासक याही पुढे जातात. जखमेवरच्या लाळेतला डीएनए घेऊन प्राण्याची जात ठरवता येते. कोणत्याही प्राण्याच्या अवशेषावरून त्याची जात ओळखण्याची एक पद्धत हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुनील कुमार वर्मा आणि लालजी सिंग यांनी विकसित केली आणि ती वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासासाठी वापरली जाते.

आरोपी सापडला तरी त्याला मारायचे नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस, रानमांजर, कोल्हा, कांडेचोर या सगळ्यांना संरक्षण दिले आहे. घोरपड आणि अजगर त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी मुंगूस गेल्यावर त्याच परसात उंदीर आणि घुशी माजतात, आणि पिल्ले त्यांच्या तोंडी जातात.

उपाय वाटेवर करायचा असतो. बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला थोपवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी आणि खाली फूटभर बाहेरच्या बाजूला मातीत आडवी पुरावी, म्हणजे उकरणारा तिच्यावरच उभा राहतो. खुराडे चिऱ्यांच्या खांबांवर उचललेले असेल तर उत्तम. छपरावर आलेली फांदी छाटावी. पिल्ले पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवावीत. भाजीला लावलेली मासेमारीची जुनी नायलॉन जाळी मात्र खुराड्याला गुंडाळू नये. तिच्यात नाग आणि धामण अडकतात, तडफडून मरतात, आणि त्यांना सोडवायला गेलेला माणूस चावून घेतो.

आणि भोक बुजवण्याआधी बॅटरी घेऊन आतला प्रत्येक कोपरा, अंडी घालायच्या टोपलीमागची जागासुद्धा पाहावी. कोंबडी गिळलेला अजगर आला त्या फटीतून बाहेर जाऊ शकत नाही, तो आतच वेटोळे करून पडून राहतो. त्याला डिवचले तर तो गिळलेले ओकून टाकतो आणि कोंबडी फुकट जाते. बाकीच्या कोंबड्या बाहेर काढून दार लावावे आणि वन खात्याला फोन करावा.