पाच आकडे, मोकळे चार

बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या बाजूला बहिणीचं भाताचं शेत आहे. नट्टी, म्हणजे रोपलावणी, होऊन महिना-सव्वा महिना झाला होता. भाचा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, त्याला स्टॅटिस्टिक्स विषय आहे. पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा शेतातले आकडे घेऊया म्हटलं आणि आम्ही दोघं चिखलात उतरलो. पाच ठोंबांचे फुटवे मोजायचे होते. ठोंब मुठीत धरून एकेक काडी अंगठ्याने बाजूला सारत जावी लागते. पात्याची धार बोटांना लागते, मधली कोवळी काडी हमखास सुटते, म्हणून प्रत्येक ठोंब दोनदा मोजला. आकडे आले १४, १७, ११, १५ आणि १८. बेरीज ७५, सरासरी १५.

मग हे आकडे सरासरीपासून किती दूर-जवळ आहेत ते काढलं: उणे १, अधिक २, उणे ४, शून्य, अधिक ३. त्यांचे वर्ग केले, बेरीज ३० आली. ती मी ४ ने भागली आणि ७.५ लिहिलं. आकडे किती पसरलेले आहेत याचं हे माप.

‘‘मावशी, आकडे पाच हाईत की. मग चारनं कशाला भागायलीस?’’

हाच प्रश्न मी त्याच्या वयात वर्गात विचारला होता. ‘सूत्र आहे, पाठ करा’ एवढंच उत्तर मिळालं. या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे आणि ते कुणालाही कळण्यासारखं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

शेवटच्या फरकावर मी तळहात ठेवला आणि भाच्याला म्हटलं, झाकलेला आकडा सांग. उणे १, अधिक २, उणे ४ आणि शून्य यांची बेरीज उणे ३. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्य येते, म्हणजे झाकलेला आकडा अधिक ३ च असणार. त्याने क्षणात सांगितलं. पहिले चार फरक काहीही असू शकले असते. पाचव्याला मात्र स्वतःचं असं काही सांगायला उरलंच नव्हतं, सरासरीने त्याला आधीच बांधून टाकलं होतं. अशा मोकळ्या राहिलेल्या आकड्यांच्या संख्येला स्टॅटिस्टिक्समध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. मी तिला मोकळीक म्हणते. इथे पाच आकड्यांची मोकळीक चार.

पण बांधला गेला म्हणून भागायचंही चारनेच का? सगळ्या शेताची खरी सरासरी आपल्याला ठाऊक नाही. समजा ती १६ आहे. मग तिच्यापासूनचे फरक उणे २, अधिक १, उणे ५, उणे १ आणि अधिक २ होतात, आणि वर्गांची बेरीज ३५ येते. आपल्या सरासरीने ३० दिली होती. खरी सरासरी १४ धरली तरी ३५ च येतात. या पाच आकड्यांसाठी १५ सोडून दुसरा कुठलाही आकडा घेतला की बेरीज ३० च्या वरच जाते. ज्याच्या मापाने सदरा शिवला त्यालाच तो घालून बघितला, तर तो बसणारच. सरासरी याच पाच ठोंबांच्या मापाने बेतलेली, त्यामुळे ती आकड्यांना खऱ्यापेक्षा जास्त एकवटलेलं दाखवते. पाचाऐवजी चाराने भागलं की ही तूट भरून निघते. एकेका नमुन्यात नेमकी भरेल असं नाही, पण पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर सरासरीने ती बरोबर भरते.

हा जमाखर्च आहे. आकडे म्हणजे जमा. त्यांच्यातून एक गोष्ट काढून घेतली की एक मोकळीक खर्च. पाऊस आणि भाताचा उतारा यांचा संबंध दाखवणारी सरळ रेघ काढायची तर दोन खर्च होतात, रेघेचा चढ आणि तिची उंची. दोनच वर्षांचे आकडे असतील तर रेघ दोन्ही बिंदूंतून तंतोतंत जाते. ते बघून मन हरखतं, पण मोकळीक शून्य उरलेली असते. अशी रेघ चुकीची ठरूच शकत नाही, म्हणून तिच्याकडून काही कळतही नाही. हे मला अतिशय महत्त्वाचं वाटतं.

थोड्या आकड्यांची ही अडचण नेटाने सोडवायला घेतली विल्यम गॉसेट यांनी. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात ते नोकरीला होते. तिथे बार्लीचे, हॉप्सचे प्रयोग चालत, आणि हाताशी आकडे असत मोजके. गॉसेटनी ३००० कैद्यांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडून आपलं गणित ताडून पाहिलं. १९०८ साली त्यांचा लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापून आला.

आमच्या पाच ठोंबांना ते गणित लावलं, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती अंतर सोडायचं ते ठरवणारा आकडा मोकळीक ४ साठी तक्त्यात २.७७६ मिळतो, आणि शेताची सरासरी ११.६ ते १८.४ यांच्या दरम्यान असावी असं ९५ टक्के भरवशाने म्हणता येतं. भरपूर आकडे असताना वापरायचा १.९६ इथे लावला असता, तर १२.६ ते १७.४ असा उगाच नेमकेपणाचा आव आणला गेला असता.

मोकळीक मोजताना भले भले चुकले आहेत. समजा एका शाळेत १०० मुलं, ५५ मुली आणि ४५ मुलगे. बसने येणारी ६०, चालत येणारी ४०. बसने येणाऱ्या मुली ३५ एवढंच कळलं की चालत येणाऱ्या २०, बसने येणारे मुलगे २५ आणि चालत येणारे २० हे आपोआप ठरतं. चार घरांच्या तक्त्यात मोकळं घर एकच. मोजलेले आकडे अपेक्षेपासून निव्वळ योगायोगाने इतके दूर जाऊ शकतात का, हे तपासते ती काय-वर्ग कसोटी. ती १९०० साली मांडणारे कार्ल पिअरसन इथे तीन धरत होते. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये एक हे बरोबर असल्याचं दाखवलं आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम हे नावही स्टॅटिस्टिक्समध्ये रुजवलं. फरक लहान नाही. कसोटीचा आकडा ५ आला, तर एका मोकळिकीत तेवढा किंवा त्याहून मोठा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता अडीच टक्के, तिनात सुमारे सतरा. म्हणजे पुराव्याचा अर्थच बदलतो.

भौतिकशास्त्रातही हाच शब्द आहे. दाराला बिजागरीभोवती एकच मोकळीक. हवेतला दोन अणूंचा रेणू तीन दिशांना सरकतो आणि दोन तऱ्हांनी फिरतो, म्हणजे पाच. हवा तापवायला लागणारी उष्णता दाब कायम ठेवून एक आणि आकारमान कायम ठेवून दुसरी, अशा दोन विशिष्ट उष्णता असतात. त्या पाचावरून त्यांचं गुणोत्तर ७/५ म्हणजे १.४ येतं, आणि मोजलं तरी तेवढंच भरतं. अणूंमधलं कंपनही धरलं तर १.२९ यायला हवं. तसं का येत नाही, याने मॅक्सवेलसारख्या भौतिकशास्त्रज्ञांना छळलं. नेहमीच्या तापमानाला ते कंपन जणू गोठलेलं असतं, हे क्वांटम सिद्धान्ताने पुढे उलगडलं.

शेतात परत येते. पाच ठोंब कमी पडतात हे भाच्याला पटलं होतं. पंचवीस मोजले तर मोकळीक चोवीस, आणि २.७७६ चा आकडा २.०६४ वर येतो. तो लगेच बांधाला लागून असलेल्या ओळीत बसला आणि भराभर मोजू लागला. मी त्याला थांबवलं. कडेच्या ठोंबांना ऊन जास्त मिळतं, फुटवे जास्त येतात, आणि शेजारी-शेजारी वाढलेले ठोंब एकमेकांसारखेच असतात. असे वीस आकडे कागदावर वीस दिसतात, पण नवी माहिती त्यात चार-पाचांचीच. मोकळीक सूत्रात घालायच्या आधी ती शेतात असावी लागते. मुळात आमचे पहिले पाच ठोंबही बांधावरून हात पोचेल अशाच अंतरावरचे होते.

उताऱ्याचा अंदाज काढण्यासाठी शेताचा एक तुकडा कापून मोजतात, त्या पीक कापणी प्रयोगात तुकडा कुठला कापायचा हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर सोडत नाहीत, ते याचसाठी. ही पद्धत देशात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे.

भाच्याने मोबाईलवर कुठलेही दोन आकडे काढले. सातवी ओळ, बावीस पावलं. पाय चिखलातून उपसत तो आत गेला, वाकला, दोनदा मोजलं आणि तिथून ओरडला, ‘‘मावशी, नऊच हाईत!’’