मॉरिशस : स्वातंत्र्यानंतरची वाटचाल

हिंदी महासागरातलं बेट. आधी डच, मग फ्रेंच, १८१० पासून इंग्रज आणि १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र. तारीख दांडीयात्रेवरून निवडली असं सर्रास सांगतात. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. प्रजासत्ताक व्हायला १९९२ उजाडलं.

स्वातंत्र्याच्या वेळी जवळपास सगळी निर्यात साखरेची, लोकसंख्या झपाट्याने वाढणारी, त्यात जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईला दंगल झालेली. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६० च्या सुरुवातीलाच या बेटाबद्दल निराशेचा सूर लावला होता आणि तो चुकला म्हणून आजही त्यांना टोमणे बसतात, पण भरपूर हातांना काम देणारे कारखाने काढा हे त्यांनीच सुचवलं होतं, ते कुणी सांगत नाही.

तसे कारखाने आले ते १९७० च्या निर्यात प्रक्रिया क्षेत्र कायद्याने, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्यांना सवलती देणाऱ्या कायद्याने. कल्पना कुणाची यावर एकमत नाही. बरेच जण श्रेय प्रा. एदुआर लिम फॅट यांना देतात, तैवानचा नमुना त्यांच्यासमोर होता असं म्हणतात. तैवानचं काऊश्युंग क्षेत्र १९६६ चं, म्हणजे काळाचा मेळ बसतो, पण ते कुंपणातलं होतं आणि इथे कुंपणच नाही, बेटावर कुठेही कारखाना काढा, सर्टिफिकेट मिळालं की सवलती लागू, त्यामुळे याला नुसती नक्कल म्हणणं अवघड आहे. हाँगकाँगचं भांडवल आलं, साखरवाल्यांचा नफाही कापडात गेला, आणि शिलाई मशीनवर बसल्या मुख्यतः बायका. यश कशाचं यावरही वाद आहे: कुणी खुल्या व्यापाराला श्रेय देतं, कुणी शासनसंस्थांना. पण युरोपीय समुदायाने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांशी केलेल्या लोमे करारामुळे १९७५ पासून दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर युरोपात चढ्या भावाने जात होती, ते धरल्याशिवाय हिशोब लागत नाही.

राजकारण वाटतं तितकं गुळगुळीत नव्हतं. १९७१ ला आणीबाणी लागली, निवडणूक थेट १९७६ ला. १९८२ ला मुख्य बेटाच्या ६० पैकी ६० जागा विरोधी आघाडीने मारल्या, अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले आणि सत्ता शांतपणे बदलली, नव्या स्वतंत्र देशांत हे तेव्हा दुर्मिळच. संसदेत सगळ्या समाजांना स्थान मिळावं म्हणून असलेल्या ‘बेस्ट लूझर’ पद्धतीत हरलेल्या उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जागा समाजवार भरतात. हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे ‘जनरल’. कोकणातून ऊसमळ्यांवर गिरमिट्ये (करारबद्ध मजूर) म्हणून गेलेल्यांचे वंशज मराठी लोक यात वेगळे मोजतच नाहीत, ते हिंदूंत धरले जातात. शाळेत मराठी आहे, गणेश चतुर्थीची सुट्टी आहे, पण या हिशोबात मराठी नाही. उमेदवाराला समाज लिहायची सक्ती करण्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ ला बोट ठेवलं.

नंतर कापड आणि साखरेच्या सवलती संपल्या, भर पर्यटन आणि बँकिंगवर आला. भारताशी झालेला दुहेरी कर टाळण्याचा १९८२ चा करार २०१६ ला बदलला, तोवर भारतातली बरीच परदेशी गुंतवणूक याच वाटेने यायची. मॉरिशसला जोडलेली चागोस बेटं इंग्रजांनी १९६५ ला तोडून स्वतःकडे ठेवली होती. ते बेकायदा होतं असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ ला दिलं.